नेसरीच्या मुलीचं ‘व्हय’

कोल्हापुरात जर्मन शिकवते असं सांगितलं की लोक माझ्याकडे जरा संशयानं बघतात. ‘चालतंय व्हय हितं?’ हा प्रश्न ठरलेला. चालतं, चांगलं चालतं. राजारामपुरीत पिठाच्या गिरणीच्या वर माझ्या दोन खोल्या आहेत. गिरणी सुरू असली की फळ्यावर ओढलेली रेघ थोडी वाकडी येते आणि मुलींच्या वह्यांवर पिठाची भुरी बसते. त्याआधी वीसेक वर्षं मी एका फाउंड्रीत जर्मन यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत करून सांगायचं काम करत होते. यंत्र बंद पडलं की मालक मला बोलवायचे, मी पुस्तक उघडायची आणि फोरमन माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. पुढे ते काम फोनच करायला लागला आणि मी घरी आले. घरी बसायचा माझा स्वभाव नाही, म्हणून वर्ग काढला. आता माझ्याकडे येतात त्या सगळ्या नर्स मुली. तिकडच्या दवाखान्यांना नर्स हव्या आहेत, आमच्या मुलींना तिकडे जायचं आहे, आणि मधे भाषेची परीक्षा आहे.

पहिल्या दिवशी मी मुळाक्षरं शिकवत नाही, ‘हो’ शिकवते. हे माझं जुनं खूळ आहे. या एका शब्दावर मी इतकं वाचलं आहे की कुणी अडवलं नाही तर तासभर बोलू शकते, आणि वर्गात मला अडवणारं कुणी नसतं.

फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘हो’ लिहायचं आणि विचारायचं, एवढासा शब्द, सगळ्या युरोपात एकाच घरातून आला असेल ना? मुली माना डोलावतात. मग मला जोर चढतो. लॅटिन बोलणाऱ्या रोमन लोकांकडे ‘हो’साठी असा एक शब्दच नव्हता. ‘आलास का?’ असं विचारलं तर ते ‘आलो’ म्हणायचे, नाहीतर ‘असंच’ म्हणायचे. त्या ‘असंच’ला त्यांच्यात ‘सिक’ म्हणत. त्याचा शेवटचा ‘क’ झिजला आणि इटालियन, स्पॅनिश लोकांचं ‘सी’ तयार झालं. फ्रेंचांनी वेगळीच वाट धरली. उत्तरेकडचे फ्रेंच ‘हे त्यानं’ एवढंच म्हणायचे, पुढचं ‘केलं’ गिळून टाकायचे. ते झिजत झिजत आज नुसतं ‘वी’ राहिलं आहे. दक्षिणेकडचे ‘हे’ एवढ्यावरच थांबायचे, त्याचं ‘ओक’ झालं, आणि त्या ‘ओक’वरून त्यांच्या भाषेला आणि मुलखालाही नाव पडलं. इंग्रजांचं ‘यस’ म्हणजे बहुधा ‘हो’ आणि ‘तसं असो’ यांची जोडगोळी. पोलंडमध्ये ‘ताक’ म्हणतात, अर्थ पुन्हा ‘असं’च. या ‘ताक’ला वर्ग हसतो, दर वर्षी हसतो, आणि मी तेवढं थांबते.

मग व्याकरण. आयर्लंडच्या जुन्या भाषेत आजही ‘हो’ नाही, ज्या क्रियापदानं विचारलं तेच परत म्हणायचं. जर्मनांचं ‘या’ सोपं, पण कुणी ‘तू जेवली नाहीस?’ असं विचारलं आणि तुम्ही जेवलेल्या असाल, तर तिथे ‘या’ चालत नाही, ‘डोख’ म्हणावं लागतं. त्याच जागी फ्रेंच लोक ‘सी’ म्हणतात आणि स्वीडनचे ‘यू’. म्हणजे साधं हो वेगळं आणि समोरच्याचं नाही खोडून काढणारं हो वेगळं.

एका वर्षी हे सगळं सांगून मी खडू खाली ठेवला, तर मागच्या बाकावरून नेसरी गावची एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे आमच्या गावासारखंच की, मॅडम. आलास? आलो. जेवलास? जेवलो. आमच्यात तरी सुटं हो कोण म्हणतंय?’

माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान तिनं एका दमात संपवलं होतं. मला थोडा रागच आला. मी तिला सांगितलं की तुमचं ‘व्हय’सुद्धा मुळात क्रियापदच आहे, ‘होणे’चं जुनं रूप, ‘होतं, आहे’ अशा अर्थाचं. तर तिच्या शेजारची, बिद्री गावची मुलगी म्हणाली, ‘मग बरंच हाय की. पण जर्मनमधी टेबल पुरुष आणि दिवा बाई असतंय म्हणं, ते आमाला कशाला? आमी पोरीसुदीक येतो-जातोच म्हणतोय.’ त्या दिवशी वर्ग माझ्या हातात राहिला नाही.

नेसरीची मुलगी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात नवजात बाळांच्या विभागात काम करायची. दिवस भरायच्या आत जन्मलेली, काचेच्या पेटीत ठेवावी लागणारी बाळं. ड्यूटी संपवून ती थेट वर्गावर यायची. तिच्या हातात कुठलंही जाड पुस्तक दिलं की ती ते खालून तळवा देऊन, मान सांभाळल्यासारखं धरायची. माझा जुना शब्दकोश, ज्याचा पुठ्ठा निखळला होता, तो तिच्याइतका जपून कुणी हाताळला नसेल.

दुसऱ्याच आठवड्यात ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. ‘मॅडम, एक सांगायचं हुतं. मी तिकडं जाणार, पण बाळांकडंच जाणार. म्हाताऱ्या माणसांचं मला जमत न्हाय. आजोबांचं चार वर्षं मी केलंय, जागेवरचं सगळं केलंय. ते गेल्यापास्नं कुणा म्हाताऱ्याचा हात हातात घेतला की माझं रडं थांबत न्हाय. नर्सनं रडत काम करायचं व्हय?’

मी वह्या तपासत होते. ‘हो ग, बघू आपण,’ म्हटलं. पुढच्या महिन्यात तिनं तेच पुन्हा सांगितलं तेव्हाही मी असंच काहीतरी म्हटलं असेल.

तिची एक सवय होती. समोरचा बोलत असला की ती प्रत्येक वाक्याला ‘व्हय’ म्हणायची. हळू आवाजात, अगदी नेमानं. तिच्या घरी तशीच रीत होती. तिचे वडील रानातली, सोसायटीच्या कर्जाची, कुठलीही गोष्ट सांगायला लागले की कुणीतरी हुंकार द्यायचा, नाहीतर ते मधेच थांबायचे आणि ‘भिंतीला सांगालोय काय मी?’ म्हणून उठून जायचे. सगळं सांगून झालं की शेवटी ते विचारायचे, ‘मग काय म्हणतीस?’ त्यानंतर जे बोलायचं ते खरं उत्तर. जर्मन बोलतानाही तिनं ही सवय सोडली नाही. माझ्या प्रत्येक वाक्याशेवटी तिचं छोटंसं ‘या’ यायचं. मला ते फार गोड वाटायचं. मी तिला टोकायला हवं होतं, ते केलं नाही. उलट बाकीच्या मुलींना म्हणाले, ऐकायचं कसं ते हिच्याकडून शिका.

परीक्षा ती चांगल्या गुणांनी पास झाली. मग तिकडच्या एका दवाखान्याच्या मेट्रनबाई व्हिडिओवर मुलाखत घेणार असं ठरलं. माझ्या वर्गातच, दुपारी. लॅपटॉप शब्दकोशांच्या चळतीवर ठेवला. खाली गिरणीवाल्याला तासभर दळण थांबवायला सांगितलं, त्यानंही ऐकलं. मी बाजूला, पडद्यावर दिसणार नाही अशी बसले. बोलायचं नाही असं मला बजावलेलं होतं.

मेट्रनबाई पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या होत्या आणि भराभर बोलत होत्या. तुमचा बाळांचा अनुभव आम्ही वाचला, फार चांगला आहे. ‘या.’ आमच्याकडेही नवजात बाळांचा विभाग आहे. ‘या.’ इथे हिचा चेहरा उजळला. पण सध्या तिथे जागा नाही. ‘या.’ म्हणून आम्ही तुम्हाला वृद्धांच्या विभागात घ्यायचा विचार करतो आहोत. ‘या.’ काम कायमचं असेल, चालेल ना? ‘या.’ मग गणवेश, राहायची खोली, सुट्ट्या, थंडीचे कपडे. ‘या, या.’

मला वाटलं, पोरीला शहाणपण आलं. जागा पक्की होतेय हे बघून तिनं हट्ट सोडला, बरं झालं. त्या वर्षीची ती माझी पहिलीच मुलगी जाणार होती, आणि खरं सांगायचं तर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. शेवटी मेट्रनबाईंनी विचारलं, शिक्षिका आहेत का तिथे? मी पडद्यासमोर गेले. त्या म्हणाल्या, मग ठरलं ना? वृद्धांचा विभाग, उन्हाळ्यापासून?

‘या,’ मी म्हटलं. चांगलं मोठ्यानं म्हटलं.

पडदा बंद झाला. मी वळले तर ती खुर्चीत तशीच बसली होती, हात मांडीवर.

‘मॅडम, तुमी हो का म्हणालासा?’

‘म्हणजे? तूच म्हणालीस की. पाच-सहा वेळा म्हणालीस.’

‘मी कुठं हो म्हटलं? मी ऐकत हुतो.’ ती खुर्चीतून उठली. ‘मला वाटलं, सगळं सांगून झालं की शेवटी विचारतील, मग मी सांगीन. त्यांनी शेवटी विचारलं ते तुमाला विचारलं. आणि तुमी ठरवून मोकळ्या झालासा. मग मी मधे कसं बोलू?’

तोंडात मारल्यासारखं झालं मला. पण चूक कबूल करायला मला वेळ लागतो, आणि तोवर मी भांडते. मी म्हटलं, अगं जागा मिळाली हे काय थोडं झालं? आधी जा तर खरं, तिथे गेल्यावर बदलून घे. करार येईल, सही कर आणि गप बस. तिच्या वडिलांचाही संध्याकाळी फोन आला. त्यांचे गल्लीत पेढे वाटून झाले होते. ‘मॅडम, तिला सही कराय सांगा. पोरगी तुमचं ऐकती,’ म्हणाले.

आठ दिवसांनी करारपत्र आलं. मी ते तिच्यापुढे ठेवलं, वर पेन ठेवलं.

‘न्हाय, मॅडम,’ ती म्हणाली. ‘मी तुमाला दोनदा सांगितलेलं. तुमी हो हो म्हणालेला.’

एवढं बोलून ती गेली आणि दोन दिवस वर्गाला आली नाही. मी रागातच होते. इतकं करायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी बिद्रीची मुलगी टेबलाशी आली आणि काहीतरी सांगायला लागली. माझ्यासमोर वह्यांचा गठ्ठा होता. मी एकीकडे लाल पेन चालवत होते आणि दुसरीकडे ‘हं, हो, हं’ म्हणत होते. ती थांबली.

‘मग करू या का तसं, मॅडम?’

‘कसं?’ मी म्हटलं.

तिनं काय सांगितलं त्यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. वर्गाची वेळ बदला म्हणत होती बिचारी, शेवटची एसटी चुकत होती तिची. मी पेन खाली ठेवलं. मला माझीच लाज वाटली. नेसरीची मुलगी निदान हुंकार देऊन ऐकत तरी होती. मी नुसता हुंकार देत होते. एवढी युरोपभरची ‘हो’ गोळा करून बसलेली बाई, आणि माझ्या टेबलाशी उभ्या असलेल्या मुलीनं दोनदा सांगितलेली गोष्ट मी कानाआड केली होती.

त्याच संध्याकाळी मी तिला फोन केला आणि म्हटलं, माझं चुकलं. ‘उद्या येतो,’ ती म्हणाली.

आम्ही मेट्रनबाईंना पुन्हा वेळ मागितली. या वेळी मी पडद्यासमोर आधी बसले. मी सांगितलं की त्या दिवशी जे हो म्हटलं गेलं ते माझं होतं, या मुलीचं नव्हतं, आणि तिच्या वतीनं बोलायचा मला काही अधिकार नव्हता. वीस वर्षं यंत्रांचं जर्मन बोलले मी, पण हे एक वाक्य मला सगळ्यांत जड गेलं. मेट्रनबाई गोंधळल्या. म्हणाल्या, पण तीही म्हणाली ना, मी स्वतः ऐकलं.

मग नेसरीची मुलगी बोलली. कागदावर लिहून आणलं होतं, पण कागद पालथा ठेवला. ती जर्मनमधून म्हणाली, ‘आमच्या घरी कुणी बोलत असलं की ऐकणाऱ्यानं हो म्हणत राहायचं असतं. बोलणाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून. मी तुमच्या बोलण्याला हो म्हणत होते. कामाला नाही. वृद्धांची सेवा मी आजोबांची केली आहे आणि आता ती माझ्याकडून नीट होणार नाही. मला बाळांकडे यायचं आहे.’

व्याकरणाच्या दोन चुका होत्या. मी जीभ आवरून गप बसले.

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, तुम्ही स्पष्ट सांगितलंत हे बरं केलंत, पण बाळांकडे जागा नाही हे खरंच आहे. तुम्ही नाही म्हणालात तर ही जागा दुसऱ्या कुणाला जाईल. नवी कधी निघेल ते मी सांगू शकत नाही. त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मला दिसत होतं, तिचे ओठ दर वाक्याला हलायला बघत होते.

‘समजलं,’ ती शेवटी म्हणाली. ‘तरीही नाही.’

जाता जाता मेट्रनबाई म्हणाल्या, आमच्याकडे तुमच्या देशातल्या आणखी काही नर्स आहेत. त्याही मुलाखतीत सगळ्याला हो म्हणाल्या होत्या. एवढं बोलून त्या जरा वेळ पडद्याबाहेर कुठेतरी बघत राहिल्या, आणि पडदा बंद झाला.

पुढचे दिवस वाईट गेले. वडील तिच्याशी बोलेनात. पेढे खाल्लेले लोक रस्त्यात ‘कधी निघालीस?’ म्हणून विचारायचे. ती ड्यूटी करायची, वर्गाला यायची, मागच्या बाकावर बसायची. मी तिला काही सांगायला गेले तर ती गप राहून ऐकायची, आणि खरं सांगते, तिच्या त्या हुंकाराशिवाय मला बोलायला सुचेना.

मग एका दुपारी मेट्रनबाईंचं मोठं पत्र आलं, ईमेलनं. त्यांनी आपल्याकडच्या एकेका नर्सला समोर बसवून विचारलं होतं, तुम्ही जिथे काम करता तिथे तुम्हाला खरंच काम करायचं होतं का? आणि विचारून गप बसल्या होत्या. बाळांच्या विभागात निपाणीकडची एक नर्स दोन वर्षं काम करत होती. ती म्हणाली, एवढ्याशा जिवांची मला भीती वाटते, माझे हात थरथरतात, मला म्हाताऱ्या माणसांत बरं वाटतं. पण मुलाखतीत तुम्ही सांगत गेलात आणि मी हो म्हणत गेले. पत्राच्या शेवटी मेट्रनबाईंनी विचारलं होतं की ती वृद्धांकडे गेली तर तिच्या जागेवर तुमची विद्यार्थिनी येईल का.

मी तिला पत्र वाचून दाखवलं, उड्या मारायच्याच तेवढ्या बाकी राहिल्या. ती मात्र हसली नाही.

‘तिला खरंच जायचं हाय, का माझ्यासाठी हो म्हणाली?’

‘अगं, लिहिलंय की इथे.’

‘लिहिलेलं त्या बाईंनी हाय. मला तिचा नंबर द्याय सांगा.’

दोन दिवसांनी नंबर मिळाला. गिरणीच्या आवाजात ऐकू येईना म्हणून ती खाली रस्त्यावर गेली. मी खिडकीतून बघत होते. अर्धा तास ती पानाच्या टपरीशेजारी फोन कानाला लावून उभी होती आणि जवळजवळ सगळा वेळ तिचं तोंड मिटलेलं होतं. वर आली तेव्हा डोळे लाल होते.

‘ती रडली, मॅडम. म्हणाली, दोन वर्षांत कुणी इचारलंच न्हाय. मी म्हटलं, माझ्यासाठी म्हणू नगंस. तीन डाव इचारलं. तिसऱ्या डावाला हसाय लागली.’

‘मग?’

‘खरंच हाय. तिला जायचंच हाय.’

नवं करारपत्र आलं त्या दिवशी मी वर्गाला सुट्टी दिली. ती समोर बसली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली, एकेक शब्द, अडलं तिथे मला विचारत. मी वह्या काढल्या नाहीत. चहा दोनदा झाला. शेवटच्या पानावर सहीची जागा आली, मी पेन पुढे केलं, तर तिनं ते घेतलं नाही.

‘आता इचारा मला,’ ती म्हणाली.

‘काय विचारू?’

‘जायचं का ते. तुमी अजून एकदाबी इचारलेलं न्हाय.’

खरं होतं. सगळ्या वर्षात मी तिला ते कधी विचारलं नव्हतं. मी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि विचारलं. ‘तुला जायचं आहे का?’

ती विचार करत बसली. खाली गिरणी चालू होती. मी तिला घाई केली नाही.

‘व्हय,’ ती म्हणाली, आणि पेन घेतलं.